पिवळी टेप

मी मुळातच संशयी. दूध पातळ लागलं तर मला आधी दूधवाला आठवतो, मग म्हैस. त्यामुळे गिटार दुरुस्त होऊन आली आणि भुणभुणायला लागली, तेव्हा दुकानदारानेच हात मारला याबद्दल माझी खात्री झाली.

आमच्या सेक्टर सहाच्या बाजारात त्याचं दुकान आहे. आवाजाचं बटण खरखर करत होतं, ते बदलायला दिलं होतं. अगोदरही अॅम्प्लिफायर लावला की थोडी भुणभुण असायची, पण तारांवर हात टेकला की बंद पडायची. आता हात ठेवा, काढा, ती चालूच. रविवारी विहारात भीमगीतांचा कार्यक्रम होता आणि पहिल्यांदाच सुरुवातीचा तुकडा एकट्या माझ्या गिटारवर होता. सगळ्या वस्तीसमोर ही भुणभुण ऐकवायच्या कल्पनेनं मला रडू येत होतं.

दुकानदार म्हणाला, "दीदी, मैंने सिर्फ बटन बदला है. कसम से."

कसम ऐकली की माझा संशय वाढतो. तारांचा आवाज पकडणारा आतला चांगला पिकअप काढून त्यानं स्वस्तातला बसवला असणार, असं धरून मी घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर गिटार पालथी घालून मागची पट्टी उघडली.

बाबा समोर पेपर वाचत होते. ते इथल्या स्टील प्लांटमधले रिटायर इलेक्ट्रिशियन. घरात मिक्सरचा स्क्रू कोणी फिरवला तरी त्यांना बसवत नाही. आज मात्र पेपरातून डोकं वर निघेना. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पिकअप माझाच होता. पण तारांच्या खालच्या धातूच्या पट्टीपासून बटणाच्या पाठीपर्यंत एक काळी वायर असते. तिच्यामुळेच हात लावला की भुणभुण थांबते. ती तुटलेली होती. नव्हे, कापलेली. टोक दुमडून त्यावर पिवळी टेप, आणि टेपचा शेवट उलटा मुडपलेला, म्हणजे पुढे काढताना नख घालावं लागू नये. आमच्या कूलरपासून दारावरच्या घंटीपर्यंत टेप अशीच गुंडाळलेली आहे.

"बाबा, हे तुम्ही केलं?"

पेपर खाली आला. "हो. दुकानातून आली त्याच दिवशी."

"कावून?"

"मागच्या महिन्यात विहारात गिटार वाजवता वाजवता माइकले ओठ लागले अन् झटका बसला, तूच तं हासत सांगून राहिली होती. तो करंट याच वायरनं तारेत येते."

"मले सांगायचं ना मग."

"सांगितलं असतं तं तू मानली असती का?"

मानली नसती. मला राग आला आणि लाजही वाटली. मी सोल्डरिंग गन तापायला लावली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. "ठेव. ज्यानं लाइन काढली त्यानंच जोडाची." प्लांटमधला नियमच तो. लाइन बंद करून स्विचवर ज्यानं आपला टॅग लटकवला, तोच तो उतरवणार; दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

आणि त्यांनीही लगेच जोडली नाही. आधी विहारात जाऊन तिथला बोर्ड उघडला. सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नव्हती. "लावणाऱ्यानं तीन भोकं दाखवली अन् दोनच जोडली," ते म्हणाले. नवीन वायर ओढली, टेस्टरनं तपासलं, घरी येऊन काळी वायर सोल्डर केली. रविवारी सकाळी मला घेऊन पुन्हा विहारात.

फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. मी गिटार गळ्यात अडकवायला गेले, तर ते म्हणाले, "थांब." त्यांनी अॅम्प्लिफायर चालू केला, चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभे राहिले, गिटारच्या सगळ्या तारा मुठीत धरल्या आणि माइकला ओठ लावले.

"हॅलो," बाबा म्हणाले. "हॅलो."

झटका बसला नाही. भुणभुणही नव्हती.

"घे आता," म्हणत त्यांनी गिटार माझ्याकडे दिली आणि अनवाणीच जाऊन पहिल्या रांगेत बसले.