हातानं सरकला पाहिजे

सत्तेचा रथ अडवणारी माणसं मराठवाड्यात पिढीला एक-दोनच निपजतात. उदगीरचे हवामिस्त्री त्यांतले एक. रथ म्हणजे भाड्यानं घेतलेली जुनी आरामबस होती आणि ती अडवायला मिस्त्रींनी चाकाखाली लाकडी गुटका लावला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचक भलत्या अपेक्षेनं पुढं जायचा.

ट्रक-बसचे हवेवर चालणारे ब्रेक दुरुस्त करतात म्हणून हवामिस्त्री. उभा जन्म सरकारी बसच्या वर्कशॉपात काढला आणि निवृत्त झाल्यावर देगलूर रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून तेच काम पुढं चालू ठेवलं. सुटणाऱ्या हवेच्या फुसकाऱ्यांनी त्यांचा डावा कान निकामी केला होता. ज्यांचं ऐकायचं नाही त्यांना ते डाव्या बाजूच्या स्टुलावर बसवत. पुढाऱ्यांना तिथं बसून तासतास बोलताना मी पाहिलं आहे.

कान बहिरा असल्याचा दाखला मात्र त्यांना हवा होता. सवलतीसाठी नव्हे. ते म्हणत, "कान कामावर गेला, सायेब. कुठंतरी लिहिलेलं पायजे की न्हाई?" दाखला लातूरच्या जिल्हा रुग्णालयात मिळे. पहिल्या वेळी गेले तेव्हा डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्या वेळी यंत्र बंद होतं. तिसऱ्या वेळी सगळं जागेवर होतं, नावही पुकारलं गेलं. ते यांना ऐकू आलं नाही.

म्हणून उदगीर जिल्हा व्हावा असं वाटणाऱ्यांत मिस्त्रींइतका प्रामाणिक माणूस मला दुसरा दिसला नाही. बाकीच्यांना जिल्ह्यासोबत काही ना काही व्हायचं होतं. मी स्वतः जिल्ह्याच्या मागणीसाठीच्या कृती समितीची पत्रकं लिहीत असे. मलाही काहीतरी व्हायचंच असणार. मिस्त्रींना फक्त कान तपासून घ्यायचा होता. "हितंच मोठा दवाखाना झाला की चालत जाईन. नाव ऐकू न्हाई आलं तर दुसऱ्या दिवशी परत जाईन. बिघडतंय काय?"

ते दुष्काळाचं साल होतं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्याकडं टँकरनं, आलं तर. मिस्त्रींचा रोजचा पहिला उद्योग म्हणजे शेडमधल्या प्रत्येक गाडीच्या हवेच्या टाकीखालची दोरी ओढून आत साचलेलं पाणी काढणं. हवा दाबली की तिच्यातली ओल टाकीत उतरते आणि ब्रेकच्या नळ्यांत शिरते. फुस्स करून पेलाभर गढूळ पाणी जमिनीवर पडे. ते बघत मिस्त्री म्हणत, "पानी हाय, सायेब. नको तिथं हाय."

त्यांचा एक नेम होता. आरामबससारख्या गाड्यांच्या चाकात एक लोखंडी चकती असते आणि तिला दोन्हीकडून चिमटणारा जबडा असतो, तो कॅलिपर. दोन पिनांवर तो इकडंतिकडं सरकतो. सरकला तर दोन्ही बाजूंची पॅडं सारखी झिजतात. अडकला तर एकच पॅड झिजून मरतं आणि दुसरं कोरं राहतं. मिस्त्री चाक उतरवत, ब्रेक सोडत आणि गाडीच्या मालकाला म्हणत, "सरकवा." काम करण्याआधी एकदा, केल्यावर एकदा. मालकाचाच हात लागे. "हातानं सरकला पायजे. माझ्या हाताला सवय हाय, माझ्या हाताचं काय खरं?"

त्या दिवशी दुपारी बारा वाजता लातूरला मंत्री येणार होते आणि जिल्ह्याची घोषणा करणार होते, अशी आमच्या अध्यक्षांची पक्की खबर होती. अध्यक्षांना गावात भाऊसाहेब म्हणत. आम्ही तिथं जाणार होतो: बेचाळीस माणसं, दोन ढोल आणि बसच्या कपाळावर फ्लेक्स. ड्रायव्हर खाजा सकाळी सातला बस मिस्त्रींकडं घेऊन आला. "चाचा, ब्रेक मारला की डावीकडं ओढून राहिली. बघा जरा."

साडेआठला आम्ही सगळे शेडवर पोहोचलो, तेव्हा पुढची दोन्ही चाकं उतरवलेली होती. मिस्त्रींनी भाऊसाहेबांना पुढं बोलावलं. "सरकवा."

भाऊसाहेबांनी पांढऱ्या सदऱ्याची बाही वर केली आणि उजवा कॅलिपर ढकलला. हलेना. दोन्ही हातांनी ढकलला, मग खांदा लावला. बेचाळीस माणसं बघत होती. ढोलवाल्यानं सवयीनं एक टिपरी टाकली, त्याला कुणीतरी थांबवलं.

"रबर फाटलं, धूळ शिरली," मिस्त्री म्हणाले. "वरून कुनीतरी साधं ग्रीस भरलंय, रबर फुगलंय. ह्ये बगा पॅड, पत्र्यावर आलंय. उजवं धरंना, म्हनून डावीकडं ओढाय लागली."

त्यांच्याकडं पिना, रबर आणि पॅडांचा एका चाकाचा संच होता. साडेनऊपर्यंत उजवं चाक झालं. भाऊसाहेबांनी सरकवून पाहिलं, बोटानं सरकलं. ते खूश होऊन बसकडं निघाले, तर डाव्या चाकाखाली लाकडी ठोकळ्यावर जॅक तसाच होता आणि मागच्या चाकाला गुटका.

"डावं राहिलंय. संच नांदेडहून निगालाय, साडेअकराच्या गाडीनं येईल."

"अहो, डावं तर धरतंय!"

"आज धरतंय. त्याचंबी रबर गेलंय. एका पायात बूट अन् एका पायात चप्पल घालून उतार पळता का तुमी? दोनी चाकं संगंच."

भाऊसाहेब त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहून दहा मिनिटं बोलले. जनता, अनुशेष, इतिहास. मग लक्षात आल्यावर उजवीकडं आले आणि थोडक्यात म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या कानासाठी तरी सोडा."

मिस्त्रींनी हातातल्या फडक्याची दोनदा घडी घातली आणि दोनदा उलगडली. मग म्हणाले, "कान एक हाय. मानसं बेचाळीस हाईत."

मी जीपचा पर्याय सुचवला. भाऊसाहेब म्हणाले, "जीपमधून गेलो तर शिष्टमंडळ दिसतं. बसमधून गेलो तर जनता दिसते." तेव्हा जनता नांदेडच्या गाडीची वाट बघत बाभळीखाली बसली.

साडेबाराला बस निघाली. मिस्त्रीही बसले, ड्रायव्हरच्या मागं, उजवा कान चाकाकडं करून. उताराला समोर अचानक पाण्याचा टँकर आडवा आला. खाजानं ब्रेक मारला. बस सरळ रेषेत उभी राहिली, टँकरपासून हातभर अंतरावर. ढोल तेवढा पुढं घरंगळत गेला. मिस्त्री डोळे मिटून म्हणाले, "दोनी संगंच लागले." आयुष्यात त्यांना इतकं समाधानी मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

लातूरला पोहोचलो तेव्हा मंडपवाले खुर्च्या रचत होते. घोषणा झाली नव्हती. पण आपण वेळेवर असतो तर झाली असती, हे गावात आठवड्याभरात सिद्ध झालं. हवामिस्त्रींनी जिल्हा घालवला असं पोरंटोरंही म्हणू लागली. मी त्यांना याबद्दल विचारलं तेव्हा ते पिनेला ग्रीस लावत होते. "म्हनू द्या. कुनाच्या तरी हातानं गेला म्हंजे हातात व्हता तरी म्हना."

पुढं खाजाच्या आग्रहानं ते चौथ्यांदा लातूरला गेले. त्यानं सोबत जाऊन नाव ऐकलं आणि तपासणी झाली. त्यानंतर पंधरा दिवसांत मिस्त्री शेडमध्ये दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. अंत्ययात्रेत भाऊसाहेबांनी खांदा दिला.

मी पत्रकं लिहिणं सोडलं आहे. अजूनही कुठली गाडी घेताना मालक मोठं बोलू लागला की मी आधी चाक उतरवायला लावतो.

उदगीर जिल्हा अद्याप झालेला नाही. डावा कान पूर्ण बहिरा असल्याचा दाखला लातूरहून टपालानं आला, त्यांच्या मरणोत्तर पुण्यानुमोदन विधीच्या दुसऱ्या दिवशी. मुदत पाच वर्षं आहे. फेरतपासणीसाठी अर्जदारानं समक्ष हजर राहावं, असं खाली छापलेलं आहे.