दोब्रिंकाचं नाक

दोब्रिंकाचं नाक गेलं, हे वार्ना शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हिवाळ्यात ती तापानं फणफणली, मग दोन महिने तिला कॉफीचासुद्धा वास येईना. झालं, आमचे साहेब डॉ. वेल्चेव म्हणाले, सोमवारपासून नुसत्या बाटल्या धुवा. बंदरावर मासळी विकणाऱ्याची ही लेक, तीस वर्षं जिवाणू सांभाळलेली बाई. माझं तर डोकंच फिरलं.

आमचं काम असं, की माणसाच्या आतड्यातले जिवाणू बाटलीत वाढवायचे. अंड्यात असतं ते कोलीन त्यांना खायला दिलं, की ते त्याचा कुजक्या मासळीसारखा घाणेरडा वायू करतात. पोटात हाच उद्योग चालतो आणि पुढे अंगाला बाधतो. तो बंद पाडायला वेल्चेवनी एक इवलासा रेणू तयार केला होता. शुक्रवारी, रेणू घातलेल्या बाटल्यांतला थेंब लावून ठेवलेल्या तपासणीच्या बश्या उघडल्या, तर जिवाणू अगदी मजेत वाढलेले. साहेबांची सगळी हयात जंतू मारण्याच्या औषधांत गेलेली. बशीत वाढ दिसली, की त्यांच्या लेखी औषध नापास. सगळं फेकून द्या म्हणाले, आणि बाटल्या ओतायला दोब्रिंकाकडे आल्या.

तिनं एकीचं बूच काढलं आणि थबकली. मग दुसरीचं काढलं.

"साहेब, हे मेले नाहीत, पण घाण करायचे थांबलेत. मासळीचा वासच नाही."

"लेल्या," साहेब म्हणाले. मावशीला आमच्याकडे असंच म्हणतात. "वास तुम्हाला कशाचाच येत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. दोब्रिंका लालबुंद झाली.

"लेबलं झाका. मी पाठ फिरवून उभी राहते."

रेणू घातलेल्या सहा, न घातलेल्या सहा, अशा बारा बाटल्यांवर मीच कागद चिकटवले, चांगल्या उलटसुलट मांडल्या. तिनं एकेक हुंगली. सहा डावीकडे, सहा उजवीकडे. मी एकेक कागद काढला. बाराच्या बारा बरोबर. अहाहा, काय वाटलं मला! वायू मोजायच्या यंत्रानंही पुढे तेच सांगितलं.

वेल्चेवनी फेकायला काढलेल्या बश्या परत जवळ ओढल्या. "मी मुडदे शोधत होतो, लेल्या," एवढंच म्हणाले.

सोमवारी बाटल्या धुवायच्या होत्याच. त्या साहेबांनी धुतल्या. दोब्रिंका शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक बाटली हुंगत होती, आणि अजून येतोय वास म्हणून परत धुवायला लावत होती.