झाकणावरचं गंध

कृष्णनाथ परब हा आमच्या यांचा चुलतभाऊ, आणि आमच्या वाड्यावरचा सगळ्यात कमी बोलणारा माणूस. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यानं शिरगावच्या खाणींवर टिपर चालवला. रविवारी पेडण्याला घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि सोमवारी पहाटे निघायचा. मागे घर, मुलगा आणि डोंगरावरची काजूची बाग सुमंगलेनं, त्याच्या बायकोनं, सांभाळली. खाणी बंद पडल्या तेव्हा तो कायमचा परतला आणि स्वतःच्याच बागेत पाहुण्यासारखा फिरू लागला. कुठलं झाड आधी मोहरतं हेसुद्धा त्याला बायकोला विचारावं लागे. ती सांगायची, आणि त्याची पाठ वळली की माझ्याकडे बघून हसायची.

मग त्यानं गवत कापायचं मशीन घेतलं. खांद्याला अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं. काजूची बोंडं झाडाखाली पडतात, ती वेचायची असतात, म्हणून फळ धरायच्या आधी खालचं रान साफ लागतं. हे काम त्यानं असं अंगावर घेतलं की सकाळ-संध्याकाळ मशीन खांद्यावरच. "ही माझी सवत," सुमंगला म्हणायची, "खांद्यार बसून फिरता."

पण दसऱ्याला त्या सवतीची पूजा तीच करायची. पाटावर कोयता, फावडं, नारळ खवायची आडोळी, आणि मधोमध मशीन. तिचा हात भाजीत मिठाला तसा पूजेतही सढळ. चंदन उगाळून त्यात पिंजर, म्हणजे कुंकू, कालवायची आणि अंगठ्यानं लोण्याच्या गोळ्यासारखा टिळा दाबायची. दरवर्षी तो दांड्यावर लागे. त्या वर्षी तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर लागला. आणि दिवाळी यायच्या आत सुमंगला गेली. ताप डोक्यात चढला एवढंच डॉक्टर सांगू शकले.

पौषात कृष्णनाथनं मशीन बाहेर काढलं आणि तिथून रड सुरू झाली. मशीन एका ओढीत चालू व्हायचं. थोडं रान कापून झालं की आवाज बसायचा, पातं दाट गवतात अडखळायचं आणि इंजिन मान टाकायचं. त्यानं प्लग बदलला. हवेची जाळी धुतली, कार्बोरेटर साफ केला. शेवटी पेडण्याच्या बाजारात मेकॅनिककडे नेलं. मेकॅनिकनं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, बंद केलं, चालू केलं, तर मशीन शहाण्यासारखं चाललं. त्यानं मशीन परत दिलं आणि काकांनी आता आराम करावा असं वर सुनावलं.

वाड्यावरही तेच बोलणं. मशीन निमित्त, माणसाचीच ताकद गेली. त्याचा मुलगा निखिल मोपाच्या विमानतळावर नोकरीला. पोरगा वाईट नव्हे, बापाची काळजी करणारा. त्यानं ठरवलं, यंदा काजू पावणीवर द्यायचे, म्हणजे हंगामापुरती बाग दुसऱ्याच्या हवाली करायची. रविवारी माणूस बघायला येणार होता. ऐकून माझं डोकं फिरलं. सुमंगलेनं त्यातली निम्मी झाडं कळशीनं पाणी घालून वाढवलेली, आणि तिला जाऊन पुरते चार महिने झाले नव्हते.

मी पेजेचं भांडं घेऊन डोंगर चढले. कृष्णनाथ कापत होता. आवाज बसला, तसा तो थांबला, खाली बसला आणि टाकीचं झाकण जरासं सैल केलं. सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत गेली. झाकण पुन्हा आवळलं, मशीन पुन्हा नीट चालू. थोड्या वेळानं परत तेच. मला मशीनमधलं काही कळत नाही, पण तेलाचा डबा कळतो. डब्याला एकच भोक पाडलं की धार अडते, म्हणून आपण समोर दुसरं पाडतो. टाकीच्या झाकणालाही हवेसाठी बारीक भोक असतं. ते गंधानं बुजलं होतं.

"भावजी, तुमका ठावक आसा," मी म्हटलं.

त्यानं मशीन बंद केलं. "मेकॅनिकान झाकण उघडलां तेवाच कळलां, वयनी."

मग का नाही खरवडलंत, असं विचारणार तोच त्यानं झाकणावर तळवा झाकला, जसं कुणी हिसकावून नेणार आहे. "तिचो आंगठो आसा हो," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं. सुकलेल्या गंधात अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. मला रडू आवरलं नाही. आवरायचं तरी कशाला? पण रडून झाल्यावर माझा मूळ स्वभाव परत आला.

"आनी तिची बाग? ती दुसऱ्याक देतल्यात?"

मी तशीच खाली उतरले, त्याच्या घरातून सुमंगलेची वाकळ शिवायची सुई घेतली आणि परत वर गेले. पुसायचं नाही, फक्त भोक मोकळं करायचं, असं सांगून सुई त्याच्या हातात दिली. खाणीच्या काठावर भरलेला टिपर बोटभर जागेत वळवणारा तो माणूस मशीनपुढे गुडघ्यावर बसला. दोन रेघांच्या मध्ये त्यानं सुई उभी धरली आणि हळूच आत घातली. मशीन चालू केलं ते टाकी रिकामी होईपर्यंत आवाज बदलला नाही.

रविवारी तो माणूस आला तेव्हा वरची अर्धी बाग अंगणासारखी स्वच्छ होती. त्याच्याशी बोलायला कृष्णनाथनं मशीनसुद्धा बंद केलं नाही. निखिल ती साफ झालेली बाग बघत उतरला आणि त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावून आला.

शिमग्यापर्यंत पेट्रोलनं आणि घामानं गंध खाऊन टाकलं. झाकण कोरं झालं. मी बघितलं, त्यानंही बघितलं असणार.

पुढच्या दसऱ्याला सुमंगलेचं वर्ष व्हायचं होतं, घरात सण नव्हता. पण आयुधांची पूजा म्हणजे सण नव्हे, असं त्यानं आपलं आपणच ठरवलं आणि मला बोलावलं. चंदन त्यानं स्वतः उगाळलं, पिंजर कालवली, निम्मी पाटावर सांडली. मग अंगठा बुडवला आणि झाकणावर, नेमका भोकावरच, जाड टिळा दाबला. मी टोकायला तोंड उघडलं. तोवर त्यानं मशीनच्या पट्ट्यात खोचून ठेवलेली सुमंगलेची सुई बाहेर काढली होती.