सासऱ्यांचं अनेकवचन

मित्राच्या पंच्याहत्तरीला त्याच्या मुलीने माझ्या हातात माइक दिला. "काका, तो सासऱ्यांचा किस्सा सांगा ना!"

हा किस्सा मी पन्नास वर्षं सांगत आलोय. आम्ही दोघे नाशकात बीएड करत होतो. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर 'आर्चएनिमीज' लिहिलं, म्हणजे कट्टर शत्रू, आणि प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एकेक वाक्य मागितलं. एक चिठ्ठी निघाली, "माय फादर-इन-लॉ आर माय आर्चएनिमीज." सर म्हणाले, "किती सासरे आहेत रे तुला?" वर्ग हसून लोळला. चिठ्ठीवर नाव नव्हतं. लग्न झालेला तेवढा माझ्या बाकावरचा हा मित्र. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

किस्सा सटाण्याला त्याच्या सासऱ्यांपर्यंत पोचला. ते वर्षभर जावयाशी बोलले नाहीत. वहिनींचे टोमणे तर अजून चालू होते.

त्या दिवशी माइकवर मी म्हणालो, "ती चिठ्ठी माझी होती."

मग मी सगळंच सांगून टाकलं. माझे होणारे सासरे नोकरी लागेपर्यंत मुलगी द्यायला तयार नव्हते. राग खूप होता, पण सासऱ्यांना 'इज' लिहायला हात धजेना. मोठ्या माणसाला आपण 'आहे' म्हणतो का?

मित्र खुर्चीतच हसायला लागला. "अरे, तुझं अक्षर मी तेव्हाच ओळखलं होतं. सर तुझ्या सासऱ्यांचे मावसभाऊ. तोंड उघडलं असतं तर तू अजून बिनलग्नाचा हिंडला असतास. आणि वाक्य दुरुस्त कर. सासरा एक, तर 'इज माय आर्चएनिमी'."

वहिनी उठल्या. "अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, मित्रावर ढकलू नका."

हॉलभर हशा पिकला. वहिनी मात्र क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्याचं साखरेचं पथ्य बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला जिलबी भरवली आणि माझ्याकडे वळल्या.

"भावजी, यांना जेवढं बोलले, तेवढं आता तुमच्या वाट्याला. उद्यापासून सकाळी चहाला या."

मी रोज जातो. आल्याचा चहा असतो, आणि बोलणीही पोटभर मिळतात.