तिसरा फ्लेक्स

तिला मंडळात सगळे टाचणी म्हणत. शिवताना तोंडात टाचण्या धरायची सवय, आणि त्या काढल्या की बोलणंही तसंच. बावन्न वर्षांची, नवरा गेलेला, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आणि मागच्या खोलीत गेल्या वर्षापासून राहायला आलेली धाकटी बहीण.

मंडळ म्हणजे वस्तीतल्या पंधरा-वीस बायका आणि चार पुरुष. कॅन्सरच्या रुग्णांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी त्यांनी एक गाडी सुरू केली होती. ती चालू ठेवायची म्हणून दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये हातच्या वस्तूंची विक्री आणि गाण्यांचा कार्यक्रम. टाचणीचं काम टोप्या शिवायचं. केस गेलेल्या डोक्याला शिवण टोचते, म्हणून ती टोपी उलटी शिवायची. आतून गुळगुळीत, शिवण बाहेर. हे तिला आईच्या आजारपणात कळलं होतं, आणि या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही.

पण इतर बायका टोप्या नेहमीसारख्याच शिवून आणायच्या. शेवटी वैतागून तिने धाकटीला टोपी घालून खिडकीपाशी बसवलं, फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘शिवण कुठे आहे ते डोळे उघडून बघा.’

शनिवारी सकाळी ती टोप्यांची पिशवी घेऊन शाळेच्या फाटकाशी आली आणि जागीच थांबली.

फाटकावर धाकटी. पुरुषभर उंच. भुवया नसलेली, टोपी घातलेली, हसणारी. खाली लाल अक्षरांत ‘हिला तुमची गरज आहे.’

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी विमा कंपनीच्या ऑफिसात काउंटरवर बसायची, कंत्राटावर. तिथे तिने पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. रोज सकाळी केसांचा टोप चढवून, पेन्सिलीने भुवया काढून ती कामाला जायची. पुढच्या महिन्यात कंत्राट नवं व्हायचं होतं, आणि आजारी बाईला कोण ठेवून घेणार?

हॉलमध्ये अध्यक्षबाई खुर्च्या मांडून घेत होत्या.

“तो फोटो कुणाला विचारून लावलात?”

“अगं, तूच टाकलास की ग्रुपवर!”

“शिवण बघायला टाकला होता, बाई! शिवण!”

“मागच्या वर्षी फुलांचं चित्र लावलं, कुत्रं फिरकलं नाही. चेहरा दिसला की माणसं द्रवतात. आणि किती गोड हसतेय ती.”

“ती माझ्याकडे बघून हसतेय. रस्त्याकडे नाही.”

खजिनदार मध्ये पडले. “संध्याकाळी उतरवूच की, ताई. चांगल्या कामासाठीच आहे ना?”

“मग तुमच्या घरच्या वहिनींचा लावा ना. त्यांच्या मूळव्याधीला पण लोक द्रवतील.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. खजिनदारांनी मान खाली घातली. टाचणीने पिशवीतली कात्री काढली, फाटकावरचा फ्लेक्स उतरवला, मग स्टेजमागचा. कुणी अडवायला धजलं नाही. अध्यक्षबाई तेवढ्या पुटपुटल्या, “छपाई फुकट नाही होत.”

“आणखी आहे का कुठे?”

सगळे खुर्च्या सरळ करू लागले. शेवटी शाळेची शिपाईबाई म्हणाली, “तिसरा मघाशीच चौकात बांधलाय. विमा ऑफिसच्या समोर. तिथे गर्दी असते म्हणून.”

एक वाजून गेला होता. शनिवारी ऑफिस दीडला सुटायचं.

टाचणीने शाळेची घडीची शिडी खांद्यावर टाकली आणि निघाली. गुडघे बोंबलत होते. लोक वळून बघत होते. बघू देत! मनातल्या मनात ती अध्यक्षबाईंना असं काही झोडपत होती की धोबीघाट लाजला असता. पण मध्येच तिचा स्वतःचा अंगठा तिच्या डोळ्यांपुढे यायचा, ‘पाठवा’ या शब्दावर टेकलेला, आणि मग शिव्या आटायच्या.

चौकात पोचली तर उशीर झालेला. बसथांब्याशी फ्लेक्सच्या बरोबर खाली धाकटी उभी. सोबत ऑफिसातल्या दोघी.

“बघ गं, कशी तुझ्यासारखी दिसते! नाक तर डिट्टो.”

“दिसते खरी,” धाकटी म्हणाली. “बिचारी.”

टाचणीने शिडी उघडायला घेतली तेवढ्यात धाकटीची नजर तिच्यावर पडली. नजर कसली, सुरीच. टाचणीला एका क्षणात सगळं कळलं. त्या दोघींना अजून फक्त सारखेपणा दिसत होता. ही शिडीवर चढून आरडाओरडा करत फ्लेक्स फाडू लागली असती, तर उरलेलं तिनेच सांगून टाकलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने राग जसाच्या तसा गिळला. अनोळखी बाईसारखी शिडी घेऊन ती थांब्यापलीकडे गेली आणि दुकानाच्या काचेत कुलपं बघत राहिली.

बस आली. दोघी चढल्या. धाकटीने पर्समध्ये काही शोधायचं नाटक केलं, “तुम्ही व्हा पुढे,” म्हणाली. बस वळेपर्यंत ती हलली नाही.

मग ती आली. “चढ. मी धरते शिडी.”

टाचणी चढली. गाठी नायलॉनच्या, कात्रीला दाद देईनात.

“फोटो कुणी पाठवला?” खालून प्रश्न आला.

“मी. पण फक्त शिवण दाखवायला गं...”

“मग शिवणीचाच काढायचास. तोंड कशाला हवं होतं माझं?”

टाचणीने जोर लावून दोर कापला. फ्लेक्स खडखडत खाली आला. धाकटीने तो रस्त्यावरच गुंडाळला, चेहरा आत राहील असा, आणि काखेत मारला.

“सोमवारी त्या दोघी विचारतील. काय सांगायचं ते मी बघेन,” ती म्हणाली. “आता मला त्या अध्यक्षबाईंकडे ने.”

“त्यांना मी सांगितलंय चांगलं...”

“तू काय सांगितलंस ते मला नको. तिथे तू एक अक्षर बोलायचं नाहीस. तुझं बोलून झालंय.”

आणि ती पुढे चालू लागली, भराभर. टाचणीने शिडी खांद्यावर घेतली आणि तिच्या मागे निघाली, एक अक्षर न बोलता.