आत्याचा दमा, माझे जंत

कुमुदिनी आत्या सांवेरच्या शाळेत मास्तरीण होती. जंताची गोळी दिली की "तोंड उघड, जीभ वर कर" म्हणत प्रत्येक पोराला तपासायची. आता राजेंद्र नगरात ती ॲलर्जीच्या दम्याने बेजार आहे.

परवा मी तिला माझं लॅबमधलं काम परत समजावलं. जंत शरीरात टिकायला एक प्रोटीन सोडून आपली प्रतिकारशक्ती थंड करतात. ॲलर्जीच्या दम्यात हीच शक्ती भडकलेली असते, म्हणून त्याच प्रोटीनपासून दम्याचं औषध होऊ शकेल.

आत्या भडकली. "जन्मभर ज्यांना मारलं, आता त्यांच्याच पाया पडू? बरं, पडते. औषध कुठाय?"

"अजून उंदरांवरच चाललंय."

"कितने साल से यही सुन रही हूँ!" तिने धापा टाकत पंप ओढला. "उंदीर तरी सुखाने श्वास घेतायत ना?"

प्रयोग संपला की त्यांनाही आम्ही मारतो, हे मी सांगितलं नाही.