सोनाबाईंची फाइल

चि. अनघा आणि ईशान,

तुमच्या त्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर लोक आपले अमानवीय अनुभव लिहितात, तुझ्याकडेही एखादा असेलच आजी, असं अनघा परवा फोनवर म्हणाली. मी ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. पण ते ‘नाही’ तेव्हापासून टोचतंय... कारण एक आहे. लिहून काढते. कट्ट्यावर टाकायचा तर टाका, पण आधी तुम्ही दोघांनी वाचा.

पहिल्यांदा हे सांगते की माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मी वाईला घाटाजवळ वाढले. तिन्हीसांजेला नदीवर एकटीने का जाऊ नये, याच्या गोष्टी गल्लीतल्या प्रत्येक म्हातारीकडे होत्या. तुमचे पणजोबा डॉक्टर होते. ते म्हणायचे, एकटं जाऊ नये हे बरोबर आहे – पाय घसरला तर ओढायला कोणी नसतं म्हणून. मी त्यांच्याच वळणावर गेले. साताऱ्याच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते सापडेपर्यंत शोधायचं असतं, अशी मला सवय लागली.

ही गोष्ट १९९८ सालची. निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते आणि कॉलेजने माझ्याकडे एक काम दिलं होतं – आसपासच्या गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या. साताऱ्याच्या पावसात कॅसेटला बुरशी लागते, म्हणून कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायचा असं ठरलं. लायब्ररीच्या मागच्या खोलीत कॉलेजचा सर्व्हर होता. सगळ्या ऑफिसच्या आणि माझ्या फायली त्या एकाच मशीनवर असत. त्याच्यावर लिनक्स होतं, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घातलेलं. ते घालणारे आणि सांभाळणारे सुभेदार पवार – कुंडलचे, सैन्यात सिग्नल्समध्ये नोकरी करून आलेले. खोलीत चपला घालून कोणी आलं तर ते नुसते चपलांकडे बघत. प्राचार्यसुद्धा बाहेर काढून येत.

सोनाबाई रहिमतपूरच्या. गावाच्या कडेला त्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि गल्लीत पिठाची गिरणी असूनही कोपऱ्यात जातं मांडलेलं. मी म्हटलं, नुसती ओवी म्हणा, दळण कशाला. त्या म्हणाल्या, “नुसत्या तोंडानं न्हाई येत, बाई. हात फिरला की येती.” मग मूठभर ज्वारी टाकून त्यांनी जातं सुरू केलं. घरात दीक्षा झाल्यापासून पहिली ओवी बुद्धाची, मग माहेराची, भावाची, लेकीची.

एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली. त्या पहिली ओळ म्हणत आणि थांबत. माझ्याकडे बघत. मला वाटे, दम लागला असेल. शेवटी त्यांनीच सांगितलं की ओवी एकीने टाकायची आणि समोरचीने उचलायची असते.

“उचला की तुमी,” त्या म्हणाल्या.

“मला येत नाही हो.”

“कालिजात शिकिवता आन् ववी उचलाया येत न्हाई व्हय?”

आणि हसून दुसरी ओळही त्यांनीच म्हटली. प्रत्येक ओवीला तसंच. त्यातली एक मला लख्ख आठवते. *सांगली शहरात, पांढरी गं साडी कुनाची...* मग थांबल्या. मग स्वतःच, *माझ्या गं मंदाची, नाडी बघती जनाची.* आणि जातं न थांबवता मला म्हणाल्या, “माजी लेक. सांगलीला नर्स हाय.”

त्या थंडीत सोनाबाई गेल्या.

काही दिवसांनी मंदाचा कॉलेजात फोन आला. आईचा एक फोटो आहे, पण आवाज कुठेच नाही, तुमच्याकडे असेल तर एक कॅसेट भरून द्याल का, एवढंच विचारत होती. मी लगेच हो म्हटलं. मूळ कॅसेट काढली तर बुरशीने फीत चिकटली होती, टेपरेकॉर्डरमध्ये घालताच तुटली आणि गुंतून बसली. मला फारशी काळजी वाटली नाही. सर्व्हरवर फाइल होती.

पण त्याच सुमारास सर्व्हर रखडायला लागला. दिवसातून कधीही, बघता बघता सगळं थंड. ऑफिसात परीक्षेचे गुण भरणाऱ्या मुलींचे पडदे गोठायचे आणि त्या मागच्या खोलीकडे बघून उसासे टाकायच्या. सुभेदारांनी एकेक कारण शोधायला घेतलं. मला शिस्तीची आवड, म्हणून मी शेजारी खुर्ची टाकून बसायची. डिस्क भरली आहे का – नाही. मेमरी कमी पडतेय – नाही. दुपारी सगळ्या फायलींची यादी बनवणारं एक काम आपोआप चालू व्हायचं, ते बंद केलं. फरक नाही. केबल बदलली, यूपीएस बदलला, मशीन थांबवून फायलींची सगळी रचना तपासून घेतली. फरक नाही.

चमत्कारिक हे होतं की मशीन दमलेलं नव्हतं. त्याचा मेंदू रिकामा बसलेला आणि कामांची रांग मात्र वाढत चाललेली. सुभेदारांनी पडद्यावर एका कामापुढचं ‘डी’ हे अक्षर दाखवलं.

“हा डिस्ककडं काहीतरी मागून उभा आहे, मॅडम. उत्तर येईपर्यंत हलणार नाही. मी या मशीनवरचा सर्वांत मोठा साहेब, तरी माझा हुकूमसुद्धा ऐकणार नाही. सेंट्रीसारखा.”

“काय मागतोय?”

त्यांनी शोधून काढलं. तो सोनाबाईंची फाइल मागत होता.

तेव्हा उलगडलं की मंदासाठी कॅसेट भरायला मी ती फाइल उघडली, की सगळं कॉलेज थांबत होतं. सुरुवातीचा भाग नीट वाजायचा आणि एका ठरावीक जागी डिस्क अडायची. मशीनच्या नोंदींत प्रत्येक वेळी डिस्कवरची तीच जागा. मशीनवरचा लाल दिवा पेटलेलाच राहायचा आणि आतून कट्... कट्... असा आवाज यायचा. वाचायचं, हुकायचं, परत वाचायचं. सुभेदार म्हणाले की ती जागा खराब झाली असणार. त्यांनी इतर सगळ्या फायलींची प्रत काढली. ही एक निघेना.

प्राचार्यांनी वाट बघायला नकार दिला, आणि त्यांचं चुकलं नाही, निकाल तोंडावर होते. पुण्याचा दुकानदार सोमवारी वॉरंटीत नवी डिस्क देणार होता आणि जुनी परत घेऊन जाणार होता. म्हणजे सोमवारी सोनाबाईंचा आवाज जाणार.

मी मंदाला फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, जेवढं वाजतं तेवढं तरी ऐकते. शनिवारी दुपारी ती सांगलीहून एसटीने आली. चाळिशीची, शांत, हातात डबा. चपला बाहेर काढूनच आत आली, सुभेदारांना तिथेच आवडली.

त्यांनी फाइलचा सुरुवातीचा भाग तुकड्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवला होता. तिला तो ऐकवायचा आणि तोवर सर्व्हरवर उरलेल्या भागाची प्रत काढायचा अखेरचा प्रयत्न करायचा, असं ठरलं. त्यांनी कमांड दिली. लाल दिवा पेटला आणि थिजला. कट्... कट्... नेहमीचंच. इकडे स्पीकरवर जातं घरघरायला लागलं.

मंदा हात मांडीवर ठेवून ऐकत होती. बुद्धाची ओवी झाली, माहेराची झाली. *सांगली शहरात, पांढरी गं साडी कुनाची...*

आणि तुकडा संपला.

खोलीत फक्त सर्व्हरचा कट्... कट्... राहिला.

“पुढं?” मंदाने विचारलं.

“पुढचं याच्यात अडकलंय, ताई,” सुभेदार म्हणाले. “चार आठवडे झालं, इथंच थांबतंय.”

ती त्या लाल दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “थांबणारच की. शाळेत जायच्या आधी रोज तिच्यासमोर मी बसायची. मी उचलल्याबिगर आई पुढं जात न्हवती.”

आणि तिने दुसरी ओळ म्हटली. मोठ्याने नाही, आपण झोपलेल्या माणसाजवळ बोलतो तशी. *तुझ्या गं मंदाची, नाडी बघती जनाची.*

कटकट थांबली.

लाल दिवा विझला, मग लुकलुकायला लागला – काम नीट चाललं की लुकलुकतो तसा. सुभेदार खुर्चीत पुढे सरकले. थोड्या वेळाने पडद्यावर पुढच्या हुकमाची वाट बघणारी खूण आली. प्रत पूर्ण झाली होती. त्यांनी मशीनच्या नोंदी उघडल्या. शेवटची चूक नोंदलेली, त्यानंतर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रविवार असून ते आले आणि डिस्कचा कानाकोपरा तपासला. खराब जागा एकही सापडली नाही.

आता कारणं. मी अनेक वर्षं ती मांडून बघितली आहेत. अशी डिस्क पुन्हा पुन्हा वाचता वाचता एखाद्या वेळी वाचून जाते, हे सुभेदारांनीच सांगितलं होतं. ती वेळ नेमकी तीच आली असेल. दुपारच्या उष्म्याने आतलं काही सैल झालं असेल. स्पीकरचा हादरा बसला असेल. यातलं कुठलंही मी मान्य करायला तयार आहे, आणि एवढंच असतं तर मी अनघाला ‘नाही’ म्हणून गप्प बसले असते.

पण आम्ही तिघांनी ती पूर्ण प्रत तिथेच बसून ऐकली. *पांढरी गं साडी कुनाची*, सोनाबाई विचारतात. मग दुसरी ओळ नाहीच. बरोबर एका ओळीएवढी जागा रिकामी, आणि मग त्या पुढची ओवी धरतात. मी रहिमतपूरला ती दुसरी ओळ त्यांच्या तोंडून ऐकली होती. त्याशिवाय मला ती माहीत कशी?

मी म्हटलं, तेवढा भाग डिस्कवरून पुसला गेला असेल. सुभेदारांनी मान हलवली.

“पुसला असता तर सगळाच आवाज बंद पडला असता, मॅडम. नीट ऐका. जातं चालू हाय.”

खरंच होतं. त्या रिकाम्या जागेत सोनाबाईंचा आवाज नाही, पण जातं खंड न पडता फिरतंय.

मंदाने परत लावायला सांगितलं. या वेळी तिने डोळे मिटून घेतले आणि तिचा उजवा हात टेबलावर आपोआप गोल फिरायला लागला.

“हलकं झालंय,” ती म्हणाली. “तेवढ्या ओळीपुरतं. ऐकू येतंय का? एकटीनं ओढताना असं फिरत न्हाई. दोघींनी जात्याचा खुंटा धरल्यावर फिरतं.”

मला फरक कळला नाही, मी कधी दळलेलं नाही. सुभेदारांना कळला असावा, ते उठून खिडकीपाशी गेले. मी कॅसेट भरून मंदाला दिली. सोमवारी डिस्क पुण्याला गेली. मंदाकडे ती कॅसेट अजून आहे, आणि ती ओवी आली की ती दर वेळी आपली ओळ म्हणते, असं तिने मला कळवलं होतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कट्ट्यावर कोणाला सुचलं तर मला जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचेन. फक्त त्यांना एवढं सांगा, की रहिमतपूरच्या त्या खोलीत जात्याजवळ आम्ही दोघीच होतो. सोनाबाई दळत होत्या आणि मी समोर बसले होते, आणि माझ्या दोन्ही हातांत मायक्रोफोन होता.

तुमची,
आजी